टीएमए-२: सुट्या भागांचा हेडफोन, वापरून झाल्यावर

माझा आधीचा स्टुडिओ हेडफोन (नाव नाही घेत) टाकून दिला तेव्हा त्याचे ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) अगदी ठणठणीत होते, गेली ती फक्त केबल. ती थेट कपातून बाहेर आलेली, सोल्डरिंगशिवाय बदलताच येईना, दोनदा डाग देऊन आणली, तिसऱ्यांदा वैताग आला. म्हणून यावेळी एआयएआयएआयचा (नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी) टीएमए-२ घेतला. कंपनी कोपनहेगनची, मॉडेल २०१५ पासूनचं.

बॉक्स उघडला तर आत हेडफोन नाहीच, ड्रायव्हर, बँड, पॅड, केबल असे सुटे भाग. पाना नको स्क्रू ड्रायव्हर नको, हातानेच जोडायचं, काही मिनिटांचं काम.

आता मुख्य गोष्ट, पॅड. पॅड म्हणजे नुसती गादी नाही, आवाजाचाच भाग आहे तो. क्लोज्ड बॅकमध्ये (म्हणजे कपाची मागची बाजू बंद असलेल्या, जसा हा) पॅड कानाभोवती नीट चिकटला नाही की हवा निसटते आणि बेस गायब, चष्मेवाल्यांना वेगळं सांगायला नको. जुना पॅड दबला की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, टोन बदलतो, आणि हे इतकं सावकाश होतं की आपल्याला पत्ताच लागत नाही, आपण आपलं मिक्समध्ये ईक्यू (बेस-ट्रेबल कमी-जास्त करायची बटणं) फिरवत बसतो. इथे नवा पॅड लावला की झालं. फक्त लावल्यावर ओळखीची दोन-तीन गाणी ऐकून कान सेट करून घ्या. आणि कस्टमायझेशनच्या नादात रोज भागांच्या जोड्या बदलू नका राव, प्रत्येक जोडी म्हणजे वेगळा हेडफोन, मिक्सिंगसाठी एकच ठरवा आणि मग ती बदलू नका.

तसं भाग बदलता येणं ही काही नवलाई नाही, सेनहायझरचा एचडी २५ १९८८ चा आहे, केबलपासून बँडपर्यंत सगळं बदलता येतं, म्हणून तर डीजे आणि लोकेशन साउंडवाले अजून तोच वापरतात. रिसायकल्ड प्लास्टिक वगैरे ठीक आहे, पण मी आधी बघतो पाच वर्षांनी पॅड मिळणार का.

टीएमए-२ चा स्टेज (आवाज आजूबाजूला किती पसरलेला वाटतो ते) मात्र अरुंद वाटतो, क्लोज्ड बॅकचं तेच असतं, रिव्हर्बची शेपटी (घुमणारा आवाज विरत जातो तो शेवट) ऐकायची तर मी ओपन बॅकच, म्हणजे मागून उघडा हेडफोनच काढतो.

ऑन-इअर (कानावर टेकणारे) पॅड लावून डायलॉग एडिट केलं तर दोन तासांत कानाच्या पाळ्या दुखल्या, म्हणून आता टेबलावर ओव्हर-इअर (अख्खा कान झाकणारे) लावतो आणि ऑन-इअर शूटच्या बॅगेत.