डाल्मेशियनसोबत 16 महिने: ठिपके नंतर, आधी पाणी

आमच्या तिळूला, म्हणजे आमच्या डाल्मेशियन जातीच्या कुत्र्याला, पुण्यात घरी आणून या महिन्यात 16 महिने झाले. डाल्मेशियन घ्यायचं म्हणणाऱ्यांना मी आता एकच विचारते, दिवसातून पाच वेळा त्याला लघवीला खाली न्यायला घरात कुणी आहे का? नसेल तर दुसरी जात बघा.

बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात युरिक ॲसिडचं रूपांतर अशा पदार्थात होतं, जो लघवीत सहज विरघळतो. शुद्ध डाल्मेशियनमध्ये जन्मजात दोषामुळे ते पुरेसं होत नाही. युरिक ॲसिड तसंच लघवीत उतरतं आणि त्याचे खडे होऊ शकतात. नराची मूत्रनलिका अरुंद, म्हणून अडकण्याची भीती त्याला जास्त.

हे सगळं मी आधी वाचलं होतं. तरी अकराव्या महिन्यात एका सकाळी तिळू झाडापाशी चार वेळा पाय वर करून उभा राहिला आणि थेंब थेंबच लघवी झाली, तेव्हा माझे हातपाय गार पडले. तसंच दवाखान्यात नेलं. हे खडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. खडा नव्हता, पण लघवीत स्फटिक बरेच होते. लघवी पूर्ण अडकली असती तर काही तासही थांबायचं नसतं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मग खाण्याचा हिशेब मांडला. सासूबाई रत्नागिरीच्या. बाजार झाला की तारलीची डोकी आणि कधी कलेजीचा तुकडा त्या प्रेमाने तिळूसाठी बाजूला काढायच्या. या जातीला नेमकं हेच चालत नाही, कारण अशा मासळीत आणि कलेजीत प्युरीन खूप असतं आणि त्याचंच पुढे युरिक ॲसिड होतं. आता डॉक्टरांनी ठरवून दिलेलं खाणं, सोबत उकडलेलं अंडं, पनीर, भात, शिजवलेला दुधी. मीठ, कांदा, लसूण काही नाही. जेवणावर कोमट पाणी ओतून ते खिरीसारखं पातळ करायचं. घरात पाण्याची तीन भांडी असतात आणि ती भरलेली आहेत ना हे सासूबाईच बघतात. गेल्या दोन तपासण्यांत स्फटिक दिसले नाहीत.

पिल्लू निवडताना माझी खरी चूक झाली ती कानांच्या बाबतीत. अमेरिकेतल्या तपासण्यांत सुमारे 30 टक्के डाल्मेशियन एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले आहेत. विकणाऱ्याने पिल्लामागे ताट वाजवून दाखवलं, पिल्लू वळलं, मी समाधानी. पण एक कान चांगला असला तरी पिल्लू वळतंच! एकेका कानाची तपासणी मेंदूपर्यंत पोचणारे संकेत मोजूनच होते, तिला बेअर टेस्ट म्हणतात. तिळूला उजव्या कानाने ऐकू येत नाही. हाक कुठून आली हे त्याला कळत नाही, तो गोल फिरून शोधतो. म्हणून रस्त्यावर पट्टा कधीच सोडत नाही आणि हाताच्या खुणा शिकवल्या आहेत. त्या तो झटकन शिकला. निळ्या डोळ्यांच्या पिल्लात बहिरेपणाची शक्यता जास्त असते, हेही ध्यानात ठेवा. आणि ठिपके बघून निवडू नका. पिल्लं जन्मतः पांढरीशुभ्र असतात, ठिपके दोनेक आठवड्यांनी उमटू लागतात आणि पुढेही वाढत राहतात.

आता व्यायाम. ही घोडागाडीच्या बरोबरीने मैलोन्‌मैल धावणारी जात. तिळूला रोज दीड-दोन तास लागतात, नाहीतर चपला आणि सोफ्याचे कोपरे जातात. उन्हाळ्यात आम्ही साडेपाचलाच निघतो. डांबरावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघते. चटका बसला की परत. सायकलबरोबर पळवायचं मात्र हाडं पक्की होईपर्यंत टाळलं, आता कुठे थोडं सुरू केलंय.

केस बारा महिने गळतात. आखूड आणि टोकदार असल्याने ते कापडात सुईसारखे रुततात, झाडूने निघत नाहीत. ओला रबरी हातमोजा फिरवला की निघतात.

मुलांवर याचा फार जीव आहे. धाकटी चार वर्षांची, तिला तो उत्साहात धक्का देऊन पाडतो, म्हणून दोघांना एकटं सोडत नाही. रात्री मात्र तो तिच्या दाराशीच झोपतो, चांगला कान वर ठेवून.

साडेअकरा वाजलेत, खालची शेवटची फेरी बाकी आहे.