ग्रेनाडात परवडणारं घर: काही महिने राहिल्यानंतरचा अनुभव

कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा या बेटावर कमी पैशांत नीट राहता येतं, हे मी आता खात्रीनं सांगू शकते. फक्त ते घर भारतात बसून बुकिंगच्या ॲपवर सापडत नाही. तिथं दिसतात ती आठवडाभराच्या सुट्टीसाठी येणाऱ्यांची घरं, अमेरिकी डॉलरमध्ये आणि रात्रीच्या भावानं. वर बऱ्याच ठिकाणी कर आणि १० टक्के सर्व्हिस चार्ज वेगळा. बॅगा घेऊन फिरणाऱ्या पोरांची हॉस्टेलं असतात तशी इथं जवळपास नाहीतच. इथले लोक स्वतः ज्या घरांत भाड्यानं राहतात, ती घरं गावात पायी फिरून आणि माणसांना विचारूनच मिळतात.

माझी धाकटी बहीण ट्रू ब्लूच्या सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीत मेडिकलला आहे. माझं काम घरून चालतं आणि क्लायंट अमेरिकेतले, म्हणून मी काही महिने तिच्यासोबत राहिले. कोरड्या दिवसांत आले आणि पावसाळा चांगला अनुभवून निघाले. भारतातून इथं शिकायला येणारी मुलं आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न फीनंतर घराचाच असतो. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. कॅरिबियनमध्ये महिना-दोन महिने स्वस्तात राहू इच्छिणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाला येईल.

आधी पैशाचं. इथलं चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, बोलताना सगळे ‘ईसी’ म्हणतात. १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० ईसी हा दर बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा पडतो. पण भाडं विचारल्यावर समोरचा नुसतं ‘आठशे’ म्हणतो, तेव्हा कुठले आठशे हे लगेच विचारायचं. ८०० ईसी म्हणजे तीनशे अमेरिकी डॉलरच्या आत आणि ८०० अमेरिकी म्हणजे २,१६० ईसी. विद्यापीठाच्या आसपास, ट्रू ब्लू आणि लान्स ओ एपिनमध्ये, भाव बहुतेक अमेरिकी डॉलरमध्येच सांगतात, कारण भाडेकरू अमेरिकेतून आलेले विद्यार्थी. ग्रँड आन्सला दोन्ही चालतं. कॅलिस्ट, बेलमाँट, स्प्रिंग्ज, वोबर्न या वस्त्यांत गेलात की ईसी सुरू होतात.

आम्ही कॅलिस्टमध्ये घर घेतलं. विमानतळाजवळची, टेकडीवरची साध्या लोकांची वस्ती. इथं उतारावर घरं बांधतात, मालक वरच्या मजल्यावर राहतात आणि खालचा मजला भाड्यानं देतात. तसाच आमचा खालचा मजला: एक बेडरूम, बाहेरच्या खोलीत एक पलंग, छोटं स्वयंपाकघर, मागं कपडे वाळत घालायला जागा. भाडं १,४०० ईसी, वीज वेगळी. अमेरिकी डॉलर ८५ रुपये धरला तर हे ४४ हजारांच्या आसपास जातं. आपल्याकडच्या मानानं हा आकडा मोठा वाटेल, पण दोघींत वाटला की विद्यापीठाजवळच्या एका छोट्या स्टुडिओत एकटीनं राहण्यापेक्षा पुष्कळ कमी पडतो.

हे घर कसं मिळालं ते नीट सांगते, कारण सगळी मेख तिथंच आहे. विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट विचारतो. त्यामुळे पहिल्या काही रात्रींसाठी गेस्टहाऊस आधीच बुक करावं लागतं आणि तेवढंच करावं. महिन्याचं भाडं न बघता आगाऊ पाठवू नये. गेस्टहाऊसमध्ये सामान टाकून आम्ही सकाळच्या उन्हाआधी पायी निघायचो. घरांच्या फाटकांवर, विजेच्या खांबांवर हातानं रंगवलेल्या ‘अपार्टमेंट फॉर रेंट’च्या पाट्या असतात. सुपरमार्केटच्या दाराशी नोटिसबोर्ड असतो. पण यांपेक्षा जास्त माहिती नाक्यावरच्या छोट्या दुकानात मिळते. तिथं दुपारी माणसं बसलेली असतात आणि कुणाचा खालचा मजला रिकामा झाला, हे त्यांना पाटी लागायच्या आधी कळलेलं असतं.

विचारायची इथली एक रीत आहे आणि ती पाळली नाही तर दारं बंद होतात. आधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणायचं, समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, मगच काम काढायचं. बसमध्ये चढतानाही सगळ्यांना मिळून म्हणायचं, आणि अंधार पडल्यावर भेटताक्षणी ‘गुड नाइट’ म्हणायचं. आपल्याकडे दुकानदाराला थेट ‘भाऊ, अमुक आहे का’ म्हणून विचारतो. इथं ते उद्धट दिसतं. ज्या बाईंनी आम्हाला घर दिलं, त्यांनी नंतर स्वतःहून सांगितलं की तुम्ही फाटकाबाहेर थांबून नीट बोललात म्हणून मी खाली आले. आम्ही त्यांना शेवटपर्यंत ‘मिस’ आणि पुढं त्यांचं पहिलं नाव असंच म्हणत आलो. वयानं मोठ्या बाईला इथं तसंच म्हणतात.

वेळ साधण्याला फार महत्त्व आहे. विद्यापीठाची सत्रं जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि त्या आधीचे दोन-तीन आठवडे बेटाच्या दक्षिण टोकाला घरं अक्षरशः पळवली जातात. ऑगस्टमध्ये भरीला स्पाइसमास, इथला कार्निव्हल. महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी आणि मंगळवारी रस्ते माणसांनी भरून जातात आणि परदेशी गेलेले ग्रेनाडियन घरी परततात. त्या दिवसांत गेस्टहाऊससुद्धा मिळत नाही. मे संपता संपता मुलं घरी जातात, खोल्या रिकाम्या होतात, तेव्हा मालक भाड्यावर बोलायला तयार असतात.

आता घर बघताना काय बघायचं. महिने राहिल्यावर माझ्या लेखी सगळ्यात वर पाणी आहे. जानेवारी ते मे इथं पाऊस कमी, आणि नळाचं पाणी तासन्‌तास जातं. २०२४ च्या मे महिन्यात तर दुष्काळामुळे सरकारी पाणीपुरवठा संस्थेला, म्हणजे नवासाला, वापरावर निर्बंध घालावे लागले होते. म्हणून घराच्या बाजूला काळी टाकी आहे का, तिला पंप आहे का आणि ती टाकी खालच्या मजल्यालाही जोडलेली आहे की फक्त मालकाच्या मजल्याला, हे तिन्ही प्रश्न विचारायचे. आम्ही नळ उघडून, पंप चालू करायला लावून बघितलं. शेजारच्या रस्त्यावर बहिणीच्या वर्गातली दोन मुलं आमच्याहून चांगल्या, नव्या फरशांच्या घरात राहत होती. एप्रिलमध्ये ती आमच्याकडे बादल्या घेऊन यायची.

दुसरं वारा. पूर्वेकडून व्यापारी वारे जवळपास वर्षभर वाहतात. पूर्वेला किंवा ईशान्येला पट्ट्यांच्या खिडक्या असतील आणि समोरून वारा बाहेर पडायला वाट असेल, तर एसीची गरज पडत नाही. हा सुखाचा प्रश्न आहे तसाच पैशाचाही आहे. बेटावरची वीज मुख्यतः डिझेलवर तयार होते आणि बिलात इंधनाचा आकार वेगळा लागतो. एसी रात्रभर चालवणाऱ्यांची बिलं बघून आम्ही पंख्यावरच निभावलं, आणि निभावलं ते वाऱ्यामुळे. एक घर आम्ही याच कारणानं नाकारलं: दिसायला सुरेख, पण डोंगराच्या कुशीत, आणि वीजमीटर दोन भाडेकरूंत एकच. मीटर स्वतंत्र असल्याशिवाय घर घेऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

खिडक्यांना जाळी बहुधा नसते. २०१४ मध्ये चिकनगुन्यानं हे बेट पार हैराण केलं होतं, डेंग्यूही होतो, तेव्हा मच्छरदाणी सोबतच आणावी. आपली चौकोनी, दोऱ्यांनी बांधायची मच्छरदाणी इथं मिळत नाही, मिळते ती गोल टांगायची. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. प्लग मात्र ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचे. त्यामुळे आपला मिक्सर, कुकर, इस्त्री नुसत्या ॲडाप्टरवर व्यवस्थित चालतात. विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या काही घरांत ११० व्होल्टचं वेगळं सॉकेट असतं, तिथं आपलं सामान लावू नये.

बस. नंबर एकची मिनीबस राजधानी सेंट जॉर्जेसच्या टर्मिनलवरून ग्रँड आन्सकडे धावते, काही पुढं कॅलिस्टपर्यंत येतात. उतरायचं असेल तर छतावर किंवा बाजूच्या पत्र्यावर टकटक करायची. दिवसा पाच-दहा मिनिटांत बस मिळते, पण अंधार पडल्यावर झपाट्यानं कमी होतात आणि रविवारी जवळपास नसतातच. विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या बस मोफत असतात. सोबत आलेल्या आईला किंवा बहिणीला त्यांचा उपयोग नाही. बेट लहान आहे, कारियाकू आणि पेटिट मार्टिनिक ही देशातली छोटी बेटं धरून ३४४ चौरस किलोमीटर, पण मधोमध डोंगर आहेत आणि रस्ते वळणांचे. दूरच्या गुयाव्ह किंवा ग्रेनव्हिल या गावांकडे भाडी आणखी उतरतात हे खरं. तिकडून रोज ट्रू ब्लूला येणं मात्र जिवावर येईल. टॅक्सीचे पैसे धरले की स्वस्त घराचा फायदा पहिल्याच पंधरवड्यात संपतो. बसच्या रस्त्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत, आणि तेही चढ बघून, हीच मर्यादा धरावी.

छपराबद्दल कुणी विचारत नाही, आणि विचारायला हवं. हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, मोसम जून ते नोव्हेंबर. ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं तेव्हा बेटावरच्या सुमारे ९० टक्के घरांची पडझड झाली, ३९ माणसं गेली. १ जुलै २०२४ ला बेरिल कारियाकूवर आदळलं आणि तिथं फारच थोडी घरं शाबूत राहिली. आमच्या मालकीणबाईंचं जुनं छप्पर आयव्हनमध्ये उडालं होतं; नंतर त्यांनी पत्र्याऐवजी वर काँक्रीटचा स्लॅब घातला. स्लॅबखालचा मजला म्हणून आम्हाला निर्धास्त झोप लागायची. छप्पर पत्र्याचं असेल तर ते तुळयांना लोखंडी पट्ट्यांनी बांधलं आहे का, आणि वादळाची सूचना आली तर तुम्ही स्वतः कुठं जाता, हे मालकाला सरळ विचारा. इथल्या माणसांना हा प्रश्न खटकत नाही. उलट ती मनापासून, सविस्तर सांगतात.

स्वयंपाकघर असलंच पाहिजे, नाहीतर घरात वाचवलेलं सगळं जेवणात जातं. सुपरमार्केटमधला बहुतेक माल जहाजानं येतो आणि महाग असतो. शनिवारी सकाळी सेंट जॉर्जेसच्या मार्केट स्क्वेअरला जावं. हिरवी केळी, रताळी, भोपळा, आलं, ताजं जायफळ, आणि अळू! इथल्या कॅललूची पानं म्हणजे आपलं अळूच, आम्ही डाळ घालून फदफदं करायचो. आमचं आजोळ रत्नागिरीचं, त्यामुळे नीरफणसाचे ढीग बघून बहिणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आम्ही काप तळायचो. मालकीणबाई त्याच फणसाचं नारळाच्या दुधात, हळद आणि खारवलेलं मांस घालून ऑइल डाऊन करायच्या आणि आमच्यासाठी मांसाविना वेगळं पातेलं ठेवायच्या. पिवळी वाटाण्याची डाळ कुठंही मिळते आणि रोटीची दुकानंही आहेत. १ मे १८५७ ला मेडस्टोन नावाचं जहाज कलकत्त्याहून मळ्यांवरच्या मजुरांना घेऊन इथं लागलं होतं, त्यांची ही देणगी. तुरीची डाळ, गोडा मसाला मात्र घरूनच आणा. गॅसचा दर सरकार दर महिन्याला जाहीर करतं, २० पौंडांचा सिलिंडर दोघींना पुष्कळ पुरतो. पहिला सिलिंडर भरलेला मिळणार की रिकामा, तेवढं ठरवून घ्या.

जे आवडलं नाही तेही लिहिते. रात्री कुत्री भुंकतात आणि कोंबडे पहाटेची वाट न बघता आरवतात; कानात घालायचे बोळे लागतात. पावसाळ्यात खालच्या मजल्याला ओल येते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी लागली. इंटरनेट वेगवान होतं, पण वीज गेली की तेही जायचं, आणि माझ्यासारखं ज्याचं काम त्यावर आहे त्यानं मोबाईलचा डेटा पर्याय म्हणून भरून ठेवावा. वीज फार वेळा जात नव्हती, एवढं खरं.

अनामत म्हणून एक महिन्याचं भाडं दिलं होतं. दर महिन्याला रोख देऊन लगेच पावती घ्यायचो, आत शिरताना भिंतींचे, भांड्यांचे, गादीचे फोटो काढून मालकीणबाईंनाच पाठवले होते. निघायच्या महिनाभर आधी सांगितलं आणि अनामत पूर्ण परत मिळाली. घरसामान नवं घेऊ नका. मे आणि डिसेंबरच्या अखेरीस शिकून निघालेली मुलं पंखे, गाद्या, कुकर, टेबलं अगदी थोडक्या पैशांत विकतात. आम्ही टेबल तसंच घेतलं होतं, आणि माझ्यानंतर खोलीत येणाऱ्या मुलीसाठी ते तिथंच ठेवून आले.