वायरशार्क - कॉल नक्की जातो कुठून ते बघायला भारी
कॉम्प्युटरवरून नेटवर ये-जा करणारा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, त्यामुळे पैसे वसूल वगैरे प्रश्नच नाही. दादाशी लॅपटॉपवरून सिग्नल अ‍ॅपवर बोलताना हे चालू ठेवलं, फिल्टरमध्ये यूडीपी (कॉलचा आवाज सहसा ज्या पद्धतीने जातो ती) टाकलं तर धडाधड ओळी पळायला लागल्या, एकेक ओळ म्हणजे एक पॅकेट, डेटाचा छोटा तुकडा, आणि त्यात चक्क दादाच्या घरच्या राउटरचा आयपी (नेटवरचा पत्ता), म्हणजे आवाज मधल्या सर्व्हरवरून न जाता थेट त्याच्याकडे! मग सेटिंगमध्ये कॉल कायम रिले करायचं (म्हणजे सिग्नलच्या सर्व्हरमार्फत पाठवायचं) ऑन केलं, परत लावला, आयपी गायब. बोलणं अर्थात ऐकू येत नाही, एन्क्रिप्टेड असतं, पण पॅकेट किती नि कुठे जातात ते दिसतं. जुन्या स्काइपचे सुपरनोडसुद्धा (इतरांना जोडून देणारे वापरणाऱ्यांचेच काही कॉम्प्युटर) संशोधकांनी असेच बाहेरून ट्रॅफिक बघून अभ्यासलेले. पहिल्यांदा उघडलं की रंगीबेरंगी ओळींनी डोकं गरगरतं, अर्धा तास द्या. साडेचार स्टार.