समग्र प्रगतिपत्रक: मुलाचं पान मोलाचं, पण घाईत भरलं तर वाया

बालवाटिका ते दुसरीसाठी एनसीईआरटीच्या ‘परख’ या मूल्यमापन केंद्राने केलेल्या समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या नोंदींसोबत मूल, त्याचे सोबती आणि पालक यांचंही म्हणणं घेतलं जातं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्वयंमूल्यमापनाचा स्पष्ट उल्लेख केला होता. आकारिक-संकलितच्या (वर्षभर चालणाऱ्या आणि सत्राअखेरच्या मूल्यमापनाच्या) नोंदवहीत आपण मुलाबद्दल लिहीत आलो. इथे स्वयंमूल्यमापनाच्या पानावर मूल स्वतः बोलतं. आमच्या मते या पत्रकातला सर्वांत चांगला भाग हाच.

वाया जातो तोही हाच. पस्तीस मुलांकडून एका तासिकेत पान भरून घेतलं, की झाडून सगळ्यांची खूण ‘छान जमलं’वर. सहा वर्षांच्या मुलाला ‘कसं जमलं?’ हा प्रश्न ‘तू हुशार आहेस ना?’ असा ऐकू येतो. शिवाय शेजारच्याच्या कागदावर डोळे असतातच.

म्हणून दिवसाला पाचच मुलं घ्यावीत, बाकीची चित्रं रंगवत असताना. पस्तीसच्या पटाला शाळेचे सात दिवस पुरतात. महिन्याला अशी एक फेरी झेपते. प्रत्येक कृतीनंतर पान भरायचा हट्ट नको. मात्र कृती संपली की लगेच बोला. दोन दिवसांनी विचारलं तर मूल आठवेल ते सांगतं.

काम समोर हवंच. खूण करण्याआधी बोट ठेवायला सांगा: ‘यातलं नीट जमलेलं कुठलं? परत करायचं झालं तर कुठलं?’ ‘र’च्या ओळीत चौथ्या अक्षरावर बोट ठेवून मूल ‘ह्याची शेपटी लांब गेली’ म्हणालं, की ते वाक्य त्याच्याच बोलीत, तारीख घालून टिपा. प्रमाण भाषेत सुधारू नका. पुढच्या महिन्यात तोच सराव देऊन दोन्ही कागद शेजारी ठेवा. फरक मुलालाच शोधू द्या.

छपाईचं भान ठेवा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल-पिवळा-हिरवा सगळं करडं होतं, तेव्हा खुणा आकाराने वेगळ्या हव्यात. रडका चेहरा तर नकोच. मुलांना ती शिक्षा वाटते आणि कुणी त्याला हात लावत नाही.

सोबत्यांचं मत या वयात मैत्रीवरच ठरतं, त्यावर फार विसंबू नये. पालकांचं पान उपयोगी आहे, पण मुलाचं पान त्यासोबत घरी धाडू नका. ते आईच्या सुवाच्य अक्षरात भरून परत येतं.