नाशिकच्या अंबडला स्कूटरची लिथियम बॅटरी रिपेअर केली, माझा अनुभव

माझी इलेक्ट्रिक स्कूटर तीन वर्षांची झाली. आधी एका चार्जमध्ये आरामात 70 किमी जायची ती 40 वर आली, आणि त्याहून वाईट म्हणजे डबल सीट असताना चढ लागला की पॉवरच कट व्हायची, एकदा तर इंदिरानगर बोगद्यापाशी ऐन ट्रॅफिकमध्ये बंद पडली, बायको मागे बसलेली, जाम घाबरलो. शोरूमवाल्यांनी बॅटरी पॅक उघडून बघितलासुद्धा नाही, वॉरंटी संपलीय म्हणून नव्या पॅकचं सरळ 58 हजाराचं कोटेशन हातात ठेवलं.

मग मित्राने अंबड एमआयडीसीतलं हे दुकान सांगितलं. छोटा गाळा, बसायला एक स्टूल, पण काम एकदम क्लीन. दुकानवाल्या दादांनी माझ्यासमोरच पॅक उघडला आणि 14 च्या 14 ग्रुपचे (एकत्र जोडलेल्या छोट्या सेलचे गट) व्होल्टेज मोजून कागदावर लिहिले. तेरा ग्रुप 3.7 च्या आसपास, सहावा 3.2. प्रत्येक ग्रुपमध्ये आठ सेल, सहाव्यातल्या तिघांच्या निकेल पट्टीचं (सेल एकमेकांना जोडणारी पट्टी) वेल्डिंग सुटलेलं, खड्ड्यांचे दणके बसून बसून. म्हणजे आठ जणांचा लोड पाच जण ओढत होते. चढावर करंट वाढला की हाच ग्रुप आधी खाली बसायचा आणि बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) सगळा पॅक बंद करायचं, बाकीचे तेरा ठणठणीत असूनही.

मी रिमॅक नेवेरा या इलेक्ट्रिक सुपरकारचा कट्टर फॅन आहे त्यामुळे हे ऐकून एकदम ट्यूब पेटली. तिच्या 120 किलोवॅट-अवरच्या पॅकमध्ये 6960 सेल आहेत आणि 1914 हॉर्सपॉवर म्हणजे 1.4 मेगावॅट, जवळजवळ बारा पट रेटने करंट ओढायचा (एक पट म्हणजे भरलेला पॅक तासाभरात रिकामा होईल असा रेट)! माझा पॅक 112 सेलचा, 2 किलोवॅट-अवरचा, एक पटीलाच दमला. एवढ्या सेलमधला एकही ग्रुप मागे पडू द्यायचा नाही, म्हणून तिथे लिक्विड कूलिंग आणि सेलवर सतत नजर, खरी इंजिनिअरिंग तिथे आहे, नुसत्या ताशी 412 किमीच्या टॉप स्पीडमध्ये नाही. दादांना हे सांगितलं तर म्हणाले, पिनिनफारिना बॅटिस्टा या इलेक्ट्रिक सुपरकारमध्ये पण रिमॅकचीच बॅटरी आहे की, आणि ती पिनिनफारिना कंपनी आपल्या महिंद्राची. महिंद्राचा कारखाना इथे सातपूरला, लई भारी वाटलं ऐकून.

त्या ग्रुपचे आठही सेल बदलले. बाकीचे सेल तीन वर्षं वापरलेले म्हणून त्यांच्या कपॅसिटी आणि इंटर्नल रेझिस्टन्सला (सेलच्या आतला करंटला होणारा अडथळा) जुळतील असेच निवडले, कोरे टाकले तर बॅलन्स राहत नाही म्हणाले. खर्च 4,200, कामाची सहा महिने गॅरंटी, टेस्टचा कागद सोबत. आता 66-67 किमी मिळतायत आणि चढावर एकदाही कट नाही.

तक्रार एकच, तीन दिवस सांगून सहा दिवस लावले. चार्ज-डिस्चार्ज टेस्टला वेळ लागतो हे मान्य, पण एक फोन करायला हवा होता, मी रोज रिक्षाने ऑफिसला जात होतो. बिलही मागितल्यावर मिळालं.

तरी पाचपैकी साडेचार. आणि कोणी घरी पॅक उघडायचा विचार करत असेल तर प्लीज नको, स्क्रूड्रायव्हर चुकून पट्टीला लागला तरी आग लागू शकते. जाताना फुल चार्ज करून नेऊ नका, दादा अर्ध्यावरच आणायला सांगतात.