फिरता दवाखाना की गावचं उपकेंद्र?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यासाठी मदतनिधी आला की देणगीदारांची पसंती बहुधा फिरत्या दवाखान्याला. गाडीवर नाव रंगवता येतं, उद्घाटनाचा फोटो निघतो. फायदेही खोटे नाहीत: डॉक्टर दारात येतो, म्हाताऱ्यांची जांबोटीपर्यंतची पायपीट वाचते, रक्तातली साखर जागेवर कळते. पण कणकुंबीकडचा पाऊस लागला की ओढे भरतात आणि गाडी डांबर संपतं तिथून मागे फिरते. शिवाय बीपीची गोळी रोज लागते. गाडी येते ठरल्या वारीच.

माझं मत उपकेंद्राला, म्हणजे गावपातळीवरच्या छोट्या सरकारी आरोग्य केंद्राला. डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक, हा सरकारी निकष. तिथल्या नर्सबाईंना कोणती बाई कितव्या महिन्यात आहे ते ठाऊक असतं. आशाताई तर गावातलीच. चुलीपाशी बसून मराठीत विचारते, ‘लोहाच्या गोळ्या संपल्या का गं? की डब्यातच आहेत?’ पैसा लावायचा तर इथे लावा: नळाला पाणी, दिव्यांना सोलर, नर्सबाईंना मुक्कामाला धड खोली. फोटोत यातलं काही उठून दिसत नाही म्हणा! उपकेंद्रात डॉक्टर नसतो, ही उणीव खरीच. तेवढ्यापुरती गाडी जोडीला हवी, दिवाळीनंतर रस्ते सुकले की.