टंचाचा कागद खरा, मणी मात्र तांब्याचे

चांदीचे तयार मणी विकत घेऊन साज, ठुशी किंवा बोरमाळ घडवणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चांदीचे म्हणून तांब्याचे मणी देऊन ज्या माणसाने मला फसवले, तो पैसे घेऊन पसार झाला आहे आणि तोच माल घेऊन दुसऱ्या कुणाच्या दुकानात बसलेला असण्याची शक्यता फार आहे.

आमच्या घरात सोनारकामाची परंपरा नाही. पत्रा कापणे, ठसा उठवणे, झाळणे (आगीवर तापवून जोडणे) हे सारे मी पाहून आणि हाताने करून शिकले. आज कोल्हापुरात महाद्वार रोडलगतच्या एका गल्लीत माझे छोटे दुकान आहे. चांदीवर सोन्याचे पॉलिश केलेला कोल्हापुरी साज हे माझे मुख्य काम. परंपरेने साजात 21 पाने धरतात. त्यांतील चंद्र, बेलपान, शंख, कासव, भुंगा अशी पाने मी स्वतः घडवते; पण पानांच्या मधले बारीक जवमणी हाताने करणे लहान कारागिराला परवडत नाही. ते तयार घ्यावे लागतात. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, ते मिळतात आणि चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेले हुपरी जवळच असल्याने तिथूनही येतात.

हा व्यापारी दुकानात आला तेव्हा पहिली लड त्याने स्वतःच माझ्यापुढे ठेवली आणि कोणताही मणी कापून पाहा म्हणाला. मी कापला, आतून-बाहेरून एकसारखी पांढरी चांदी होती. पुढच्या खेपांचा माल बंद पाकिटांतून आला. प्रत्येक पाकिटासोबत टंच, म्हणजे धातूची शुद्धता, मोजणाऱ्या यंत्राचा छापील कागद असे आणि त्यावर चांदी 92.5 टक्के असा आकडा असे. दरही बाजारभावापेक्षा फार कमी नव्हता, मजुरीत थोडी सवलत एवढेच. संशय येईल इतका स्वस्त माल त्याने कधीच दिला नाही, आणि या फसवणुकीतला सर्वांत धोकादायक भाग मला हाच वाटतो.

लग्नसराई संपल्यावर एक मावशी साज घेऊन आल्या. ‘ताई, पॉलिश उडालं तर चांदी पांढरी दिसायला पाहिजे, हे लाल कशानं दिसतंय?’ असे त्यांनी विचारले. मी भिंगाखाली पाहिले. तार घासून मण्याच्या भोकाची कड झिजली होती आणि तेवढ्याच जागी तांबूस कडे उमटले होते. मानेला जिथे मणी टेकत होते, तिथे त्यांना हिरवट डाग पडत होता. मी त्याच व्यापाऱ्याचे शिल्लक पाकीट उघडून एक मणी कानशीवर घासला. दोन-चार घासांतच वरची पांढरी साल गेली आणि आत तांबे दिसले. गुजरीतल्या एका वयस्कर सोनारकाकांनी उरलेल्या मण्यांतले काही मुशीत आटवून टंच काढला, तेव्हा उरलीसुरली शंकाही मिटली.

मग यंत्राचा कागद खोटा होता का? नव्हता. दुकानांतले एक्स-रे टंच यंत्र धातूचा वरचा अगदी पातळ थर वाचते. त्यावर चांदीचा जाड मुलामा असेल तर आकडा चांदीचाच येतो. शिवाय जवमणी तारेत ओवले जातात, पानांसारखे झाळले जात नाहीत. त्यामुळे कारखान्यात ते आगीसमोर येत नाहीत आणि मुलाम्याचे सोंग तिथे उघडे पडत नाही. हे जाणूनच त्याने नेमके मणी निवडले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणून मणी घेताना प्रत्येक पाकिटातला, आणि तोही आपण निवडलेला, एक मणी मधोमध कापून पाहावा. मोठा माल असेल तर थोडे मणी आटवूनच टंच काढावा. भरीव मण्यांसाठी पाण्यातली परीक्षाही उपयोगी आहे: 100 ग्रॅम शुद्ध चांदी सुमारे 9.5 मिलिलिटर पाणी सारते, तांबे 11 मिलिलिटरच्या वर. पोकळ मण्यांत हवा अडकते, तिथे ही परीक्षा चालत नाही. ‘925’ असा नुसता ठसा म्हणजे हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण, नव्हे, हेही गिऱ्हाईकांनी ध्यानात ठेवावे. 1 सप्टेंबर 2025 पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो आणि तो बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपवर तपासता येतो. चांदीला हॉलमार्क ऐच्छिक असल्याने तो नसलेला दागिना खोटाच, असे मात्र समजू नये.

त्याने दिलेल्या बिलावरचा जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या 27 नेच सुरू होणारा, पंधरा अक्षर-अंकांचा होता. पण जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकल्यावर भलत्याच धंद्याचे नाव आले. ही तपासणी मोफत आहे. त्याला फोन केला तेव्हा ‘मणी तुम्हीच बदललेत’ असे तो म्हणाला आणि त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. मी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे पूर्वीच्या 420 च्या जागी आलेल्या कलमाखाली, लेखी तक्रार दिली आहे. बँकेतून पैसे दिल्याची नोंद आणि उरलेली पाकिटे सोबत जोडली आहेत.

त्या मण्यांचे साज ज्यांनी नेले, त्यांना मी मणी बदलून देते आहे. त्याची घडणावळ घेत नाही. ज्या कारागिरांकडे अशी बंद पाकिटे असतील त्यांनी एकच पाकीट फोडून मणी कापून पाहावा आणि तांबे निघाले तर बाकीची पाकिटे न उघडता, टंचाच्या कागदासकट पोलिसांकडे द्यावीत.